आर्पाद वाइस: डाव्या कडेचा खेळाडू, तीन विजेतेपदं आणि कायद्यातली एक तारीख

१९३८–३९ च्या इटालियन लीगचा गुणतक्ता काढून पाहिला तर बोलोन्या पहिल्या क्रमांकावर आहे. १९३६ आणि १९३७ मध्येही हाच क्लब विजेता होता, त्यामुळे तक्ता पाहून कुणी थबकत नाही. पण हंगाम सुरू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच या संघाच्या प्रशिक्षकाला जावं लागलं होतं. संघ हरत होता म्हणून नव्हे. १६ ऑक्टोबर १९३८ ला घरच्या मैदानावर झालेला त्याचा शेवटचा सामना बोलोन्याने लाझिओविरुद्ध २–० असा जिंकला होता. दहा दिवसांत त्याच्या जागी दुसरा माणूस आला, संघ जिंकत राहिला आणि विषय संपला.

त्या प्रशिक्षकाचं नाव आर्पाद वाइस. हंगेरियन, ज्यू, वय ४२. त्याच्या आयुष्यावर आता बरंच लिहिलं गेलंय आणि बहुतेक लिखाण शेवटापासून, म्हणजे ऑश्वित्झच्या नाझी छळछावणीपासून सुरू होतं. मला मात्र १९३८ च्या त्या शरद ऋतूत जास्त रस आहे. युरोपातल्या पहिल्या दोन-तीन प्रशिक्षकांत ज्याची गणना व्हावी असा माणूस इतक्या सहज, इतक्या बिनबोभाट कसा काढता येतो? आणि त्याच्यापुढे तेव्हा खरोखर कोणत्या वाटा उरल्या होत्या?

कडेने धावणारा

वाइसचा जन्म १६ एप्रिल १८९६ चा, बुडापेस्टच्या दक्षिणेला असलेल्या शोल्ट गावचा. बुडापेस्टच्या तोरेक्वेश क्लबकडून तो डाव्या कडेला खेळायचा. चपळ, बॉलवर हुकमत असलेला विंगर. हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून १९२२–२३ मध्ये तो मोजके सामने खेळला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या चमूतही होता, पण मैदानात उतरायची संधी मिळाली नाही. तिथे हंगेरीला इजिप्तने ३–० असं हरवलं, तो धक्का हंगेरियन फुटबॉलला बरीच वर्षं जिव्हारी लागला होता.

खेळाडू म्हणून वाइस पहिल्या फळीतला नव्हता, हे स्पष्टच सांगायला हवं. पण तो ज्या वातावरणात वाढला ते असामान्य होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात जिमी होगन या इंग्रज प्रशिक्षकाने बुडापेस्टच्या एमटीके क्लबात जमिनीलगतच्या छोट्या पासांचा खेळ रुजवला होता. फुटबॉल हा डोक्याने खेळायचा खेळ आहे आणि तो शिकवता येतो, हा विचार त्या शहरात तेव्हा मुरत होता. त्यातूनच प्रशिक्षकांची एक अख्खी पिढी बाहेर पडली: बेला गुटमान, एर्नो एर्बश्टाइन, डोरी क्युर्शनर, येनो कोनराड. यातले बहुतेक ज्यू. १९१९ नंतर हंगेरीचा सत्ताधीश होर्ती याच्या राजवटीत ज्यूंसाठी हवा बदलली होती, १९२० च्या कायद्याने विद्यापीठातला त्यांचा प्रवेश आकसला होता, आणि देशात उघडपणे पैसे घेऊन फुटबॉल खेळायची सोय १९२६ पर्यंत नव्हतीच. ज्याच्या पायात कला होती त्याने सरहद्द ओलांडली. वाइस आधी चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नोच्या मक्काबी संघात गेला आणि १९२४ मध्ये इटलीत, अलेस्सांद्रियाला. हे साल लक्षात ठेवा.

पुढच्या हंगामात तो मिलानच्या इंटरकडे आला. ११ सामने, ३ गोल, आणि मग दुखापत. तिथेच खेळणं संपलं.

दुखापत झाली नसती तरी फार काळ खेळता आलं नसतं. २ ऑगस्ट १९२६ ला इटालियन फुटबॉल संघटनेने विआरेज्जो इथे नवी सनद काढली. खेळाडूंना पैसे देणं तिने जवळजवळ मान्य केलं आणि त्याच कागदावर परदेशी खेळाडूंना दार बंद केलं. दोन हंगामांची सवड, मग पूर्ण मनाई. फॅसिस्ट सत्तेला लीग इटालियन हवी होती. तोवर इटलीत खेळणाऱ्या परदेशी खेळाडूंत हंगेरियन आणि ऑस्ट्रियन मंडळींचाच भरणा होता. त्यांचं काय करायचं? गंमत अशी की बंदी खेळाडूंवर होती, प्रशिक्षकांवर नव्हती. त्यामुळे जो हंगेरियन बूट काढून शिट्टी हातात घ्यायला तयार होता त्याला इटलीत राहता येत होतं. एका अर्थी वाइसला प्रशिक्षक बनवलं ते मुसोलिनीच्या नोकरशाहीनेच.

मिलान ते बोलोन्या

१९२६ मध्ये तो इंटरचा प्रशिक्षक झाला तेव्हा तिशीत नुकताच पोचला होता. त्या काळचे प्रशिक्षक कोट-टोपी घालून मैदानाच्या कडेला उभे राहायचे. वाइस सरावाचे कपडे चढवून खेळाडूंबरोबर धावायचा, बॉल मारून दाखवायचा. कुणी काय खावं, कधी झोपावं, सामन्याआधी संघाने एकत्र राहावं की नाही, यावर तो विचार करायचा. आज ही गोष्ट जिल्हा पातळीवरचा कोचही करतो. १९२६ मध्ये ती नवी होती.

क्लबच्या पोरांमध्ये त्याला ज्युझेप्पे मेआत्सा नावाचा अंगाने किरकोळ मुलगा दिसला. उजव्या पायाचा जादूगार, डावा तितकासा नाही. वाइसने त्याला भिंतीसमोर उभं करून डाव्या पायाने बॉल मारायला लावला, रोज, कंटाळा येईपर्यंत आणि त्याच्याही पुढे, असं सांगतात. स्वतः डाव्या कडेला आयुष्य काढलेल्या माणसाला डाव्या पायाची किंमत ठाऊक असणारच. १९२७ मध्ये १७ वर्षांच्या मेआत्साला त्याने थेट मुख्य संघात घेतलं. ज्येष्ठांनी पोराला ‘बालिल्ला’ म्हणून चिडवलं. बालिल्ला म्हणजे फॅसिस्टांची लहान मुलांची संघटना. ते टोपणनाव त्याला जन्मभर चिकटलं.

१९२९–३० मध्ये इटलीत पहिल्यांदा एकाच गटाची राष्ट्रीय लीग झाली, आजची सेरी आ. ती पहिली सेरी आ वाइसच्या संघाने जिंकली. इंटरचं नाव तेव्हा अँब्रोसियाना होतं, कारण ‘इंटरनॅशनल’ हा शब्द सरकारला खपत नव्हता. मेआत्साने ३१ गोल केले. वाइस ३४ वर्षांचा होता. त्याच साली आल्दो मोलिनारी यांच्याबरोबर त्याने फुटबॉलच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं; प्रस्तावना राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक व्हित्तोरियो पोत्सो यांची. म्हणजे इटलीने ज्याच्याकडून फुटबॉल शिकायचा तो माणूस परदेशी, आणि त्याला मान्यतेचा शिक्का दिला तो इटलीच्या सर्वात मोठ्या फुटबॉल अधिकाऱ्याने.

मधली वर्षं झटकन सांगतो. बारीला एक हंगाम, तिथे खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचवलं, पुन्हा इंटर, मग थोडे महिने नोव्हारा. जानेवारी १९३५ मध्ये, हंगाम अर्धा झालेला असताना, बोलोन्याचे अध्यक्ष रेनातो दाल्लारा यांनी त्याला बोलावलं.

तेव्हा इटलीत युव्हेंटसचं राज्य होतं. १९३१ ते १९३५, ओळीने पाच विजेतेपदं. बोलोन्याकडे पैसा युव्हेंटसइतका नव्हता, पण खेळाडू चांगले होते: गोल करणारा आंजेलो स्कियाव्हियो, उरुग्वेहून आलेले राफाएले सान्सोने आणि फ्रांचेस्को फेदुल्लो, डाव्या कडेला कार्लो रेगुत्सोनी. १९३५ मध्ये उरुग्वेचाच मिकेले आंद्रेओलो आला आणि मधला दुवा सापडला.

रचना त्या काळी इटलीत चालणारीच होती. दोन बचावपटू मागे, मधल्या फळीच्या केंद्रस्थानी एक जड, शांत सूत्रधार, आतले दोन फॉरवर्ड थोडे मागे सरकलेले आणि दोन्ही विंगर पुढे, रेषेला चिकटून. आंद्रेओलो दबावाखाली बॉल अडवायचा, मान वर करायचा आणि तीस-चाळीस मीटरचा पास थेट कडेला सोडायचा. बॉल कडेला पोचेपर्यंत प्रतिस्पर्धी मध्यभागी गोळा झालेले असत. रेगुत्सोनी, आणि पुढे उजवीकडून आमेदेओ बियावाती, यांना धावायला मोकळी पट्टी मिळायची. मैदान मध्यभागातून पाहणारा प्रशिक्षक असा संघ बांधेल की नाही, शंका आहे. ज्याने रेषा पाठीशी घेऊन आपल्यापर्यंत बॉल येण्याची वाट पाहिली आहे त्याला तो बॉल कधी आणि कुठून यायला हवा हे नेमकं माहीत असतं. हा माझा तर्क आहे, पण बोलोन्याचा खेळ पाहता तो फार ताणलेला वाटत नाही.

१९३५–३६ चा अख्खा हंगाम वाइसने फक्त १४ खेळाडूंवर काढला. ३० सामने, १४ माणसं. बदली खेळाडूची पद्धत तेव्हा नव्हती, दुखापत झाली की लंगडत खेळायचं. इतक्या कमी माणसांत निभावायचं म्हणजे आहार, विश्रांती आणि सरावाचा हिशेब काटेकोर हवा, आणि वाइसचं खरं कसब इथे होतं. बोलोन्या रोमापेक्षा एका गुणाने पुढे राहून विजेता झाला. पुढच्या वर्षी पुन्हा, या वेळी लाझिओपेक्षा तीन गुणांनी.

जून १९३७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त युरोपातल्या क्लबांची स्पर्धा झाली. बोलोन्याने सोशो आणि प्रागच्या स्लाव्हियाला हरवलं आणि अंतिम सामन्यात गाठ पडली लंडनच्या चेल्सीशी. फुटबॉल आमचाच, असं मानणारे इंग्रज तेव्हा विश्वचषकालाही येत नसत. बोलोन्याने चेल्सीला ४–१ असं लोळवलं. चारांपैकी तीन गोल रेगुत्सोनीचे, म्हणजे डाव्या विंगरचे.

१ जानेवारी १९१९

१९ जून १९३८ ला इटलीने पॅरिसमध्येच विश्वचषक राखला, अंतिम सामन्यात हंगेरीला ४–२ हरवून. कर्णधार मेआत्सा. संघात आंद्रेओलो आणि बियावाती. तिघेही वाइसच्या हाताखालून गेलेले.

ऑगस्टमध्ये सरकारने देशातल्या ज्यूंची मोजदाद केली. ५ सप्टेंबरला ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद झाल्या. ७ सप्टेंबरच्या फर्मानाने परदेशी ज्यूंना इटलीत वास्तव्य करायला मनाई केली आणि १ जानेवारी १९१९ नंतर देशात आलेल्यांना सहा महिन्यांत चालतं व्हायला सांगितलं. त्या तारखेनंतर ज्यूंना दिलेलं नागरिकत्वही रद्द.

वाइस आला होता १९२४ मध्ये.

या फर्मानाला ना त्याची विजेतेपदं माहीत होती, ना पोत्सो यांची प्रस्तावना. पत्नी इलोना हंगेरियन. मुलगा रॉबेर्तो १९३० मध्ये मिलानला जन्मलेला, मुलगी क्लारा १९३४ ची, दोघं इटालियन बोलत वाढलेली. कायद्याच्या लेखी चौघेही परके. आणि त्याच वेळी मोन्तेव्हिदेओत वाढलेले सान्सोने आणि फेदुल्लो इटालियन रक्ताचे म्हणून इटालियन ठरले होते, आंद्रेओलो तर इटलीसाठी विश्वचषक जिंकून आला होता. परदेशी कोण हे ठरवण्याची ही पद्धत १९२६ पासून हळूहळू घडत आली होती. १९३८ मध्ये तिने फक्त दिशा बदलली. १९२६ चा कागद वाइसला इटलीत ठेवून गेला, १९३८ चा बाहेर काढून गेला, आणि दोन्हींवर सरकार एकच.

क्लबच्या बाजूने पाहिलं तर प्रकरण विचित्र सोपं होतं. प्रशिक्षक बदलणं ही फुटबॉलमधली नेहमीची बाब. बोलोन्याकडे हर्मान फेल्सनर उपलब्ध होता, ऑस्ट्रियन, ज्याने विसाच्या दशकात याच क्लबला दोन विजेतेपदं मिळवून दिली होती. संघ तयार, सराव ठरलेला, खेळाडू एकमेकांना ओळखणारे. फेल्सनरने गाडी पुढे नेली आणि मे १९३९ मध्ये विजेतेपद आलं. बोलोन्या कोसळला असता तर निदान कुणी विचारलं असतं की असं का झालं. वाइसने संघ इतका नीट बांधला होता की तो गेल्याचं मैदानावर जाणवलंच नाही. हाडाच्या प्रशिक्षकाला याहून कडवट प्रशस्तिपत्र मिळू शकत नाही.

कुठे जायचं

इथे मागे वळून सल्ले देणं फार सोपं असतं. अमेरिकेला का नाही गेला? हॉलंडमध्ये का थांबला? त्या वेळी समोर काय होतं ते पाहू.

हंगेरीला परतणं हा पर्याय कागदावर होता. पण मे १९३८ मध्ये हंगेरीने स्वतःचा पहिला ज्यूविरोधी कायदा केला होता. अनेक व्यवसायांत ज्यूंचं प्रमाण २० टक्क्यांवर आणायचं होतं. ऑस्ट्रिया मार्चमध्येच जर्मनीत विरघळला होता. चेकोस्लोव्हाकियाचे लचके म्युनिक करारानंतर तुटत होते. दक्षिण अमेरिका होती: क्युर्शनर १९३७ मध्ये रिओला जाऊन फ्लामेंगोचा प्रशिक्षक झाला होता आणि ब्राझीलच्या फुटबॉलवर त्याने खोल ठसा उमटवला. वाइसनेही त्या खंडात काही काळ काढलेला होता, त्यामुळे ही वाट त्याला अगदी अनोळखी नव्हती. ती त्याने का घेतली नाही यावर अंदाज बांधण्यापेक्षा एवढंच म्हणतो की युद्ध अजून सुरू झालेलं नव्हतं आणि त्याचं सगळं नाव युरोपात होतं.

जानेवारी १९३९ मध्ये कुटुंब बोलोन्या सोडून पॅरिसला गेलं. तिथे काही महिने काम मिळालं नाही. मग नेदरलँड्समधल्या डोर्ड्रेख्तच्या डीएफसी या छोट्या, हौशी क्लबकडून बोलावणं आलं. चेल्सीला हरवणारा प्रशिक्षक नोकरदार आणि दुकानदार खेळाडूंच्या संघाला शिकवायला निघाला. आज हा निर्णय चुकीचा वाटतो. पण पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ राहिला होता आणि पुन्हा राहील असं तिथले राजकारणीही मानत होते.

याला जोड म्हणून एर्बश्टाइनचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तोही हंगेरियन ज्यू, तोरिनोचा प्रशिक्षक. त्यालाही १९३९ च्या सुरुवातीला इटली सोडावी लागली आणि त्यानेही नेदरलँड्सच गाठायचं ठरवलं. रॉटरडॅमच्या एका क्लबात जागा ठरली होती. डच सरहद्दीजवळ क्लेवे इथे त्याच्या कुटुंबाला अडवण्यात आलं, नाइलाजाने ते बुडापेस्टला परतले. १९४४ मध्ये तो श्रमछावणीतून निसटला, वाचला, युद्धानंतर तोरिनोला परतला आणि त्या काळातला युरोपातला सर्वोत्तम संघ त्याने घडवला. (४ मे १९४९ ला सुपेर्गा टेकडीवर त्या संघाचं विमान कोसळलं, त्यात तोही गेला.) दोघांनी एकच विचार केला. ज्याला नेदरलँड्समध्ये शिरू दिलं नाही तो युद्धातून वाचला. यावरून वाइसच्या निर्णयाबद्दल काय शिकायचं? माझ्या मते काहीही नाही, आणि हे मान्य करणं अशा प्रकरणाचा अभ्यास लिहिणाऱ्याला जड जातं.

डोर्ड्रेख्त

पहिल्याच हंगामाच्या शेवटी डीएफसी खालच्या श्रेणीत जाण्याच्या बेतात होता. वाइसने निर्णायक सामन्यातून त्याला वर ठेवलं. पुढचे दोन्ही हंगाम पाचवा क्रमांक, या क्लबासाठी मोठी मजल. त्यातला दुसरा हंगाम जर्मन ताब्यातला होता, कारण मे १९४० मध्ये नेदरलँड्स पाच दिवसांत पडला होता. म्हणजे ताबा आल्यानंतरही वर्षभर हा माणूस सराव घेत होता आणि संघ वर नेत होता.

सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस पोलिसांचं पत्र क्लबला आलं: वाइसने आता मैदानात पाऊल ठेवायचं नाही. या वेळी फेल्सनरसारखा कुणी तयार नव्हता, पण काढण्याची रीत तीच, एक कागद. मे १९४२ पासून कपड्यावर पिवळा तारा. २ ऑगस्ट १९४२ ला चौघांना अटक झाली, मग वेस्टरबोर्क छावणी, आणि २ ऑक्टोबरला पूर्वेकडे जाणारी गाडी. वाटेत कोझेल स्थानकावर कामाला चालतील असे पुरुष उतरवून घेत; वाइसला तिथे उतरवलं. इलोना, रॉबेर्तो आणि क्लारा पुढे गेले. ५ ऑक्टोबर १९४२ ला ऑश्वित्झमध्ये तिघांना वायुकोठडीत मारण्यात आलं. वाइस आणखी जवळजवळ सोळा महिने मजुरीच्या छावण्यांत टिकला. ४६–४७ वर्षांच्या माणसासाठी हे असामान्य आहे, धावपटूचं शरीर होतं म्हणून असेल. ३१ जानेवारी १९४४ ला तोही ऑश्वित्झमध्ये गेला.

नोंद

त्यानंतर साठ वर्षं इटलीत त्याच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मेआत्साच्या नावाने मिलानचं सान सिरो स्टेडियम झालं, दाल्लारा यांच्या नावाने बोलोन्याचं. वाइसचं काय झालं हे फुटबॉलवर लिहिणाऱ्यांनाही धड ठाऊक नव्हतं. मात्तेओ मारानी या पत्रकाराने ते खणून काढलं आणि २००७ मध्ये पुस्तक लिहिलं. धागा कुठून सापडला, तर शाळेच्या नोंदींतून: वाइसच्या मुलाचं नाव, मग त्याचा एक वर्गमित्र, आणि त्या वर्गमित्राने इतकी वर्षं जपून ठेवलेली पत्रं. क्लबांच्या कपाटात जे नव्हतं ते आठ वर्षांच्या मुलांच्या मैत्रीत टिकलं होतं. २००९ मध्ये बोलोन्याच्या स्टेडियमवर आणि २०१२ मध्ये मिलानच्या सान सिरोवर त्याच्या नावाची पाटी लागली. पुढे बोलोन्याच्या स्टेडियममधल्या एका स्टँडलाही त्याचं नाव दिलं गेलं.

राहता राहिलं १९३८–३९ चं विजेतेपद. बऱ्याच याद्यांत त्या हंगामासमोर फक्त फेल्सनरचं नाव असतं, काहींत आता दोन्ही. फेल्सनरचं काम कमी लेखायचं कारण नाही. दुसऱ्याचा संघ हातात घेऊन तो मे महिन्यापर्यंत पहिला ठेवणं सोपं नसतं. पण सप्टेंबरमध्ये त्या संघाचा सराव घेणारा, आंद्रेओलोला मध्यभागी आणि रेगुत्सोनीला रेषेजवळ उभं करणारा माणूस वाइस होता, आणि सुरुवातीच्या सामन्यांचे गुण त्याच्या हाताखालीच जमा झाले होते. दोन्ही नावं छापणाऱ्या याद्या बरोबर आहेत; क्रम लावायचा तर वाइस आधी.